शेत मिळालं, वाटेचं काय? ओपन सोर्स परवान्यांतली पेटंटची कलमं

गेल्या रविवारी सकाळी भाचा पोहे घेऊन आला. कागदाच्या पुडीला तेल सुटलेलं, शेवेवर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलेलं आणि काखेत लॅपटॉप. म्हणजे पोहे हे निमित्त होतं. तो इंदूरमधल्याच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बारा-चौदा जणांची. त्यांना अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक मिळू घातलंय. करारावर सही करण्याआधी त्या गिऱ्हाइकानं एक तक्ता पाठवला: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे जे जे फुकट घटक वापरलेत त्यांची नावं लिहा, प्रत्येकाचा परवाना लिहा. आणि शेवटच्या रकान्यात प्रश्न, 'यात पेटंटचा हक्क दिलेला आहे का?'

यादी दोनशेच्या वर गेलेली. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"मामा, ओपन सोर्स आहे ना हे? वापरा म्हणूनच दिलंय. मग मध्येच पेटंट कुठून आलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे आणि माझ्या बरोबरीच्या निम्म्या लोकांनाही हे नीट सांगता येणार नाही. परवाने वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेले असतात. आपण फाइलचं नाव बघतो, 'एमआयटी' दिसलं की हुश्श म्हणतो आणि पुढे जातो. पोहे संपेपर्यंत मी भाच्याला जे सांगितलं, तेच इथे जरा विस्तारानं लिहितोय.

जिरावणाचा कागद आणि जिरावणाची युक्ती

ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि पुढे वाटावा अशी मोकळीक मालकानं लेखी दिलेली असते. ही लेखी मोकळीक म्हणजे परवाना, लायसन्स. मालकी सुटलेली नसते. फक्त परवानगी मिळालेली असते. आता परवानगी नेमकी कशाची, इथे गोम आहे, कारण एकाच सॉफ्टवेअरवर दोन वेगळ्या जातींचे हक्क बसलेले असू शकतात.

समजा, मी माझ्या जिरावणाची कृती एका कागदावर लिहिली. तुम्ही तो कागद जसाच्या तसा छापलात तर माझ्या कॉपीराइटचा भंग झाला. कॉपीराइट म्हणजे लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क. पण तुम्ही माझं जिरावण चाखलंत, जिरं किती, आमचूर किती, काळं मीठ किती याचा अंदाज बांधलात आणि आपल्या शब्दांत आपली कृती लिहिलीत, तर मला हूं का चूं करता येणार नाही.

पेटंट म्हणजे युक्तीवरचा हक्क. समजा, मसाला भाजायची अशी पद्धत मी शोधली की वास वर्षभर टिकतो, आणि तिचं पेटंट घेतलं. आता तुम्ही माझा कागद जन्मात पाहिला नसेल, तीच पद्धत तुम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात स्वतंत्रपणे सुचली असेल, तरी माझ्या परवानगीशिवाय ती वापरून तुम्हाला धंदा करता येत नाही. अर्ज केल्यापासून २० वर्षं. 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब सहसा चालत नाही. सरकार एवढा जबर हक्क देतं, त्या बदल्यात शोधकानं युक्ती जगजाहीर करायची असते. शिवाय पेटंट देशापुरतं असतं. भारतातलं भारतात, अमेरिकेतलं अमेरिकेत. (जिरावणाचं पेटंट कुणी घेणार नाही, निर्धास्त राहा. इंदुरात घरटी एक कृती आहे आणि प्रत्येकाची अस्सल आहे.)

सॉफ्टवेअरमध्ये हे कसं चावतं, त्याचा जुना दाखला म्हणजे जीआयएफ चित्रं. तीच ती, व्हॉट्सॲपवर नाचणारी. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनं १९८७ मध्ये हा प्रकार काढला आणि चित्राचा आकार लहान करायला एलझेडडब्ल्यू नावाची एक युक्ती वापरली. युक्तीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. जगभरच्या लोकांनी जीआयएफ वाचणारे-लिहिणारे प्रोग्राम आपले आपण, ओळन् ओळ स्वतः लिहून बनवले. १९९४ च्या डिसेंबरात जाहीर झालं की अशा सॉफ्टवेअरसाठी पैसे द्यावे लागतील. एकाही ओळीची चोरी नव्हती, तरी हिशेब आलाच. त्या रागातून लोकांनी पीएनजी हा नवा प्रकार तयार केला, जो आज सगळीकडे आहे. अमेरिकेतलं ते पेटंट जून २००३ मध्ये संपलं.

आजोबांनी दिलेलं शेत

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळा पेच त्यात आहे.

माझ्या आजोबांनी देपालपूरकडच्या जमिनीतला एक तुकडा बहिणीला दिला. रीतसर बक्षीसपत्र, रजिस्ट्री, पटवाऱ्याकडे नोंद, सगळं चोख. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तुमचा तलाठी तो आमचा पटवारी, तुमचा सातबारा तो आमचा खसरा.) तुकडा आतल्या बाजूला. रस्त्यावरून तिथे जायचं तर आजोबांच्या राहिलेल्या शेतातून जावं लागे. त्या वाटेबद्दल बक्षीसपत्रात एक अक्षर नव्हतं. लिहिणार कोण? भाऊ-बहीण होते. शेत दिलं म्हणजे वाट दिलीच की.

चाळीस वर्षं काही झालं नाही. मग रस्त्याकडचं शेत विकलं गेलं. नव्या मालकानं पहिल्याच ज्येष्ठात तार ओढली. पेरणीच्या तोंडावर आत्याआजीच्या नातवाचा ट्रॅक्टर तारेच्या अलीकडे उभा, सोयाबीनच्या बियाण्याची पोती त्यावर, आणि पाऊस पडलेला. माळव्याची काळी माती एकदा भिजली की दुसऱ्या बाजूनं वळसा घेणं विसरायचं. चाक निम्मं आत जातं. तो कागद दाखवत होता की शेत माझं आहे. नवा मालक म्हणत होता, आहेच, कोण नाही म्हणतंय?

पुढे ती वाट मिळाली. 'दुसरी वाटच नाही, आणि शेत देणाऱ्यानं ती गृहीत धरली होती' असं पटवून द्यावं लागलं, आणि तोवर दोन हंगाम गेले.

कोडचा परवाना म्हणजे शेताचं बक्षीसपत्र. पेटंट म्हणजे त्या शेताकडे जाणारी वाट, जी देणाऱ्याच्याच दुसऱ्या जमिनीतून जात असू शकते. पेटंट-कलम म्हणजे बक्षीसपत्रातली ती ओळ, जी आमच्या आजोबांनी लिहिली नाही.

मुका परवाना: एमआयटी आणि बीएसडी

भाच्याच्या यादीत सगळ्यांत जास्त वेळा आलेलं नाव एमआयटी. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाच्या नावानं ओळखला जाणारा हा परवाना दोन-तीन परिच्छेदांचा, अर्ध्या पानात मावणारा. वापरा, नकला करा, बदला, विका. फक्त आमचं नाव आणि ही सूचना काढू नका, आणि काही बिघडलं तर आम्हाला विचारू नका. बीएसडी त्याचाच भाऊ. दोन्हींच्या नेहमीच्या मजकुरात 'पेटंट' हा शब्द नाही.

मग वाट आहे की नाही? अनेक वकील म्हणतात, आहे. 'वापरा' आणि 'विका' हे पेटंट-कायद्याचेच शब्द आहेत. एका हातानं वापरा म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं वापरल्याबद्दल खटला भरायचा, हे न्यायालयाला पटणार नाही. याला ते गर्भित परवाना म्हणतात. आत्याआजीच्या नातवाचा युक्तिवाद तोच होता. अडचण एवढीच की लिहिलेली वाट दाखवता येते, गर्भित वाट सिद्ध करावी लागते. आणि ती कुठवर जाते? शेत वाढवलं, विहीर खणली, ट्रॅक्टरऐवजी हार्वेस्टर आणला, तरी चालेल का? म्हणजे कोड बदलला, दुसऱ्या कोडला जोडला, तरी? मुका परवाना यावर बोलत नाही.

लिहून दिलेली वाट: अपाचे २.०

जानेवारी २००४ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनं आपल्या परवान्याची दुसरी आवृत्ती काढली. तिचं तिसरं कलम म्हणजे पेटंट-कलमांचा नमुनाच मानतात. सोप्या मराठीत ते असं: या सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं ज्यानं कोड घातला, तो तो आपली संबंधित पेटंटं वापरायची परवानगी तुम्हाला देतो. फुकट, जगभरासाठी, कायमची.

'संबंधित' हा शब्द माझा, पण मर्यादा खरी आहे आणि महत्त्वाची आहे. योगदान देणाऱ्याच्या तिजोरीतली सगळी पेटंटं खुली होत नाहीत. त्यानं घातलेल्या कोडमुळे, किंवा तो कोड या सॉफ्टवेअरला जोडल्यामुळे, ज्यांना धक्का लागल्याशिवाय राहत नाही तेवढीच. रस्त्यापासून शेतापर्यंतची वाट दिली. म्हणून वाटेत लागणाऱ्या आंब्याचे आंबे तुमचे झाले असं नाही.

आणखी एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. पेटंट विकता येतं. कंपनी बुडाली की तिची पेटंटं लिलावात जातात, आणि घेणारा कोण निघेल सांगता येत नाही. पण आधी दिलेला परवाना साधारणपणे पेटंटाबरोबरच नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. वाट रजिस्ट्रीत असती तर तार ओढणाऱ्यालाही ती वाचावी लागली असती.

जीपीएलचा स्वभाव वेगळा

जीपीएल हा रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतून आलेला परवाना. त्याचं मुख्य म्हणणं: तुम्हाला मिळाली ती मोकळीक पुढच्यालाही तशीच द्या. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा याच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालतो, १९९१ ची. ती पेटंटची परवानगी उघडपणे देत नाही, पण एक अट घालते: पेटंटमुळे किंवा कोर्टाच्या निकालामुळे तुम्हाला हे सॉफ्टवेअर पुढच्याला पूर्ण मोकळेपणानं देता येत नसेल, तर मुळीच देऊ नका. सगळ्यांना वाट, नाहीतर कुणालाच नाही.

२००६ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनं नोवेल कंपनीशी करार केला. नोवेलकडून लिनक्स घेणाऱ्यांवर पेटंटचे दावे करणार नाही, असं वचन त्यात होतं. मग बाकीचे लिनक्सवाले? पुढच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं जाहीरपणे म्हटलं की लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आमच्या २३५ पेटंटांचा भंग करतात. म्हणजे एकाच्या गाडीला फाटक उघडं आणि बाकीच्यांना तार. २९ जून २००७ ला आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत याला सरळ उत्तर होतं: योगदान देणाऱ्यांनी पेटंटची परवानगी द्यायचीच, आणि हे सॉफ्टवेअर वाटताना काहींनाच पेटंटची परवानगी दिलीत, तर ती आपोआप सगळ्यांना दिली असं धरलं जाईल.

(तेच मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०१८ मध्ये ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झालं. लिनक्सच्या बाबतीत एकमेकांवर पेटंटचे दावे करायचे नाहीत, असं ठरवलेल्या कंपन्यांचा हा २००५ पासूनचा गट. आणि येताना ६०,००० हून जास्त पेटंटं घेऊन आलं. पाटलांच्या भावकीत असा समेट मी पाहिलेला नाही.)

तहाचं कलम, आणि रिॲक्टवरून झालेला गदारोळ

आता या विषयातला सगळ्यांत रंगतदार भाग.

अपाचेच्या तिसऱ्या कलमात शेवटी एक वाक्य आहे. या सॉफ्टवेअरमुळे माझ्या पेटंटचा भंग होतो म्हणून तुम्ही कुणावरही दावा ठोकलात, तर त्या दिवसापासून या सॉफ्टवेअरपुरती तुम्हाला मिळालेली पेटंटची परवानगी संपली. कोड वापरायची कॉपीराइटची परवानगी राहते, वाट जाते. याला मी तहाचं कलम म्हणतो. दोघांच्या तोफा एकमेकांकडे वळलेल्या आणि पहिला गोळा टाकणाऱ्याचं नुकसान नक्की, म्हणून कुणी टाकत नाही.

तहाच्या कलमात खरा प्रश्न असतो रुंदीचा. कशावरून भांडलं तर तह मोडला?

फेसबुकनं रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं केलं. वेबसाइटची पडदे-बटणं बनवायचं हे साधन आज तुमच्या फोनमधल्या कितीतरी ॲपांच्या पोटात आहे. सुरुवातीला त्याला अपाचे परवाना होता. २०१४ मध्ये तो बदलून बीएसडी केला आणि शेजारी 'पेटंट्स' नावाची वेगळी फाइल ठेवली. त्या फाइलीत पेटंटची परवानगी होती, पण तह फारच रुंद होता. तुम्ही फेसबुकवर किंवा तिच्या उपकंपन्यांवर कुठल्याही पेटंटवरून दावा केलात, मग त्याचा रिॲक्टशी काडीचा संबंध नसो, तरी रिॲक्टसाठीची पेटंटची परवानगी गेली. फेसबुकनं आधी तुमच्यावर दावा केला आणि तुम्ही उलटा केलात, तर २०१५ च्या सुधारित मजकुरात काही सूट होती, हेही सांगायला हवं. तरी गावच्या वाटेच्या भाषेत ते असं झालं: माझ्या शेतातून जा, पण माझ्या कुठल्याही भावाशी, कुठल्याही गावात, कशावरूनही कोर्टात गेलास तर वाट बंद.

जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशननं आपल्या प्रकल्पांना हा परवाना वर्ज्य केला. ऑगस्टमध्ये फेसबुकनं सांगितलं की बदलणार नाही. बिनबुडाच्या दाव्यांपासून बचाव म्हणून हे कलम हवंच. १४ सप्टेंबरला वर्डप्रेसचे मॅट मलनवेग यांनी जाहीर केलं की आम्ही रिॲक्ट सोडतोय. जगातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त वेबसाइट तेव्हा वर्डप्रेसवर होत्या. आठच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, फेसबुक नमलं. २६ तारखेला रिॲक्टची १६ वी आवृत्ती एमआयटी परवान्याखाली आली.

जरा थांबून बघा काय झालं. एमआयटीत पेटंटबद्दल एक शब्द नाही. म्हणजे लोकांनी लिहून दिलेली वाट परत केली आणि मुका परवाना घेऊन आनंद साजरा केला. तेव्हा काही जाणकारांनी हे बोलूनही दाखवलं, आणि कागदावर बघाल तर त्यांचं बरोबर होतं. पण आनंद करणारे खुळे होते असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे स्वतःचं पेटंट आहे त्या कंपनीला ती लेखी वाट म्हणजे आपले हात कायमचे बांधून घेणं वाटलं. जाचक अटीची लेखी वाट की बिनअटीची गर्भित वाट, यात माणसं दुसरी निवडतात. माझं विचाराल तर तिथे अपाचे घेतलं असतं तर सगळ्यांत उत्तम झालं असतं. पण फेसबुकनं मला विचारलं नव्हतं.

"पण भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही ना?"

हा भाच्याचा पहिला आक्षेप, आणि अर्धा बरोबर. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात काय काय शोध मानलं जात नाही त्याची यादी आहे. तिच्या 'के' उपकलमात गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्राम हे सगळं बसतं. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून हे दार किलकिलं करायचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेनं कायदा करताना तो बदल गाळला.

पण 'निव्वळ' या एका शब्दावर बराच संसार उभा आहे. प्रोग्राममुळे काही तांत्रिक परिणाम साधला जात असेल, तर केवळ त्यात प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं. तेव्हा भारतात अशी पेटंटं मिळत नाहीत, हे ऐकीव वाक्य तसंच गिळू नका. अर्ज करायचाच झाला तर इंदूरकरांना मुंबईचं पेटंट कार्यालय लागू पडतं, हे जाता जाता.

आणि दुसरं, भाच्याचं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. कोड इंदुरात लिहिला तरी तो तिथे विकला आणि वापरला जाणार. म्हणजे तिथली पेटंटं लागू. तिथेही अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या २०१४ च्या निकालानंतर 'नेहमीचंच काम, फक्त संगणकावर' अशी पेटंटं टिकेनाशी झाली आहेत. कमी झाली, संपली नाहीत.

"आमच्यासारख्या बारक्यांवर कोण दावा करणार?"

बहुधा कुणी नाही. हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. बारा माणसांच्या कंपनीकडून वसूल काय होणार? पण पेटंटचा दावा माल बनवणाऱ्यावर होतो तसा वापरणाऱ्यावरही होऊ शकतो, आणि वापरणारं ते गिऱ्हाईक मोठं आहे. म्हणून ते तक्ता भरून मागतं. शिवाय करारात बहुतेक एक ओळ असते की या सॉफ्टवेअरमुळे आमच्यावर दावा आला तर खर्च तुम्ही भरायचा. ती ओळ भाच्याच्या साहेबांनी वाचली होती का? नव्हती. आता वाचली.

आणि बारके सुटतातच असंही नाही. २०१९ मध्ये नोम फाउंडेशनवर दावा झाला. ही लिनक्सचा पडदा बनवणारी, देणग्यांवर चालणारी धर्मादाय संस्था. कारण होतं शॉटवेल नावाचं फोटो सांभाळायचं साधं ॲप. दावा करणारी कंपनी स्वतः काही बनवत नव्हती; पेटंट घेऊन वसुली करणं हाच धंदा. जगभरच्या लोकांनी वर्गणी काढली, नोम लढायला उभी राहिली आणि मे २०२० मध्ये समझोता झाला.

इथे पेटंट-कलमाची खरी मर्यादा उघडी पडते. अपाचे घ्या नाहीतर जीपीएल, परवानगी देतात ती कोड लिहिणारे. ज्यानं एक ओळही लिहिली नाही त्या तिऱ्हाइताच्या पेटंटबद्दल परवाना काहीच करू शकत नाही. भाऊ आपल्या शेतातून वाट देऊ शकतो; शेजाऱ्याच्या शेतातून कशी देईल? तहाचं कलमही इथे लुळं पडतं, कारण वसुलीवाल्याचं स्वतःचं सॉफ्टवेअरच नसतं. ज्याला जायचंच नाही त्याची वाट काय बंद करणार?

तिऱ्हाइताचा टोल कधीकधी दुसराच कुणी भरतो. व्हिडिओचा आकार लहान करायच्या एच-२६४ या पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटं होती. सिस्को कंपनीनं २०१३ मध्ये ओपन-एच-२६४ हा तिचा कोड बीएसडीखाली खुला करायचं ठरवलं. त्या कोडपासून सिस्कोनं स्वतः तयार करून दिलेली, थेट चालणारी फाइल वापरलीत तर पेटंटचे पैसे सिस्को भरणार. त्याच कोडपासून, अक्षर न बदलता, तीच फाइल तुम्ही आपल्या मशीनवर तयार केलीत तर टोल तुमचा. म्हणून फायरफॉक्स ब्राउझर ती फाइल सिस्कोकडूनच आणतो. कोड आणि पेटंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यापेक्षा स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही.

"मग सरसकट अपाचेच वापरावं की!"

वापरा, पण एक खोच आहे. जीपीएलची दुसरी आवृत्ती म्हणते, माझ्यापेक्षा जास्त अटी पुढच्यावर लादू नका. अपाचेचं तहाचं कलम ही जास्तीची अट ठरते, असं जीपीएलची संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मानते. त्यामुळे त्यांच्या मते फक्त दुसऱ्या आवृत्तीवर असलेला कोड आणि अपाचेचा कोड एकजीव करून वाटता येत नाही. तिसऱ्या आवृत्तीशी जमतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलंही आता याच कागदांवर येतात. डीपसीकचं आर-वन जानेवारी २०२५ मध्ये एमआयटीखाली आलं, ओपन-एआयचं जीपीटी-ओएसएस त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपाचेखाली. मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्यांच्या, लामाला कंपनीनं स्वतःचा परवाना लावलाय. त्यात तहाचं कलम चांगलंच रुंद आहे: लामा किंवा तिनं दिलेली उत्तरं माझ्या बौद्धिक हक्कांचा भंग करतात, असा दावा केलात तर परवानाच रद्द. नुसती पेटंटची परवानगी नव्हे, सगळंच. बातमीत तिन्हींना 'ओपन' म्हणतात. फाइल उघडून बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

देताना काय देतो, तेही बघावं

भाच्याला हे सुचलंच नव्हतं. तो रात्री घरी बसून एका अपाचे प्रकल्पात दुरुस्त्या पाठवतो. चांगलंच आहे. पण त्या कलमानुसार तो आपल्या कोडशी संबंधित पेटंटचा हक्कही देऊन टाकतो. कोड ऑफिसच्या कामाचा असेल तर देणारा तो नव्हे, त्याची कंपनी. आणि कंपनीला त्याचा पत्ता नाही. त्यांच्याकडे पेटंट एकही नाही, त्यामुळे आज काही बिघडत नाही. उद्या एखाद्या मोठ्या कंपनीत गेला तर तिथे योगदानाआधी लेखी परवानगी मागतात, ती छळायला मागत नाहीत, एवढं त्याच्या लक्षात आलं.

दुपारपर्यंत आम्ही तक्ता भरत आणला. अपाचे, जीपीएल-तीन आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा परवाना जिथे होता तिथे 'होय'. एमआयटी आणि बीएसडी जिथे, तिथे 'नाही' लिहायला तो बिचकत होता. आम्ही 'उल्लेख नाही' असं लिहिलं, जे खरं आहे. गिऱ्हाइकाला ते चालेल असा माझा अंदाज, कारण त्याच्याही यादीत एमआयटीच जास्त असणार.

सगळ्यांत शेवटी एक लहानसं पॅकेज उरलं, तारखा मांडून दाखवणारं, जेमतेम तीनशे ओळींचं. त्याच्या फोल्डरात परवान्याची फाइलच नव्हती. म्हणजे वाट सोडा, शेतसुद्धा कुणी दिलेलं नाही. नुसतं कुंपण मोडलेलं दिसतंय म्हणून हे आत शिरलेले. भाच्यानं लेखकाला मेल टाकलं. बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं त्या तीनशे ओळी काढून टाकल्या आणि आता तारखांचं ते काम स्वतः लिहायला घेतलंय.